रिपोर्ट किती दिवसांचा आहे? (जेल, कोरोना आणि दारातला स्वॅब)

नळीवाला

"पीसीआर झालाय का ह्याचा?"

"झाला की सायेब. पाच दिवसांचा. आज एमसीआर पडला, म्हणून तर जेलला आणलाय."

ऑगस्ट २०२० मधला हा संवाद, माझा आणि एका हवालदाराचा. मी विचारत होतो आरटीपीसीआरचं, ते सांगत होते पोलीस कस्टडी रिमांडचं (एमसीआर म्हणजे मॅजिस्ट्रेट कस्टडी, तो पडला की रवानगी जेलात). पीपीई किटच्या आत मला हसू आलं आणि चष्म्यावर वाफ धरली. मग दोन मिनिटं मला काहीच दिसेना, पुढचा पोरगा तोंड उघडून तसाच उभा.

तेव्हा मी कंत्राटी लॅब टेक्निशियन होतो. सातारा-सांगली पट्ट्यात जिथं धाडतील तिथं बर्फाची पेटी आणि स्वॅब ठेवायच्या व्हीटीएमच्या नळ्या घेऊन जायचं. शाळा, साखर कारखाना, वृद्धाश्रम, तसंच जेल. कुठलं जेल ते लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत.

पद्धत अशी होती : नवी आमद (नवा बंदी, म्हणजे कैदी) आली की आधी स्वॅब, मग एका वसतिगृहात केलेल्या तात्पुरत्या कारागृहात मुक्काम, दिवस भरले की मुख्य जेलमध्ये. कागदावर याला नाव ठेवायला जागा नाही. पण ज्याच्याकडे निगेटिव्ह रिपोर्ट असेल त्याचं काय, यावर रोज वाद. वर सांगितलेल्या पोराकडे रिपोर्ट होता. निगेटिव्ह. तारीख सहा दिवसांपूर्वीची, म्हणजे अटकेच्या दिवशीची. मधले सहा दिवस तो पोलीस ठाण्याच्या कोठडीत तिघांबरोबर झोपला होता, आणि त्यातल्या एकाला ताप होता हे त्यानंच मला सांगितलं. मी म्हटलं, परत घेऊ. दारावरचे साहेब म्हणाले, "निगेटिव्ह आहे ना? मग? किट काय झाडाला लागल्यात?" वसतिगृह भरलेलं. पोरगा थेट आत.

आठवड्यानं मला परत बोलावणं आलं. या वेळी दारात नाही, बराकीत. नळ्यांचे दोन रॅक संपले त्या दिवशी.

त्या पोरानंच आणला असं मी म्हणणार नाही. त्याच आठवड्यात दोन शिपाई तापाची रजा काढून परत ड्युटीवर आले होते. त्यांच्या नाकात कुणीच काडी घातली नव्हती. यादीत नावंच नव्हती त्यांची. यादी 'बंद्यांची' होती.

म्हणून धागा. जो एकदाच आत येतो त्याला दारात अडवायचं आणि जो दिवसातून दोनदा आत-बाहेर करतो त्याला सलाम ठोकून सोडायचं, याला तपासणीचं धोरण म्हणायचं का? इथं वकील आहेत, डॉक्टर आहेत. बोला.

कृष्णाकाठ

पीसीआरचा किस्सा एक नंबर राव. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरचे पहिले पेशंट निघाले तेव्हा आमच्या गल्लीत 'स्वॅब' म्हणजे काय तेच कुणाला ठाऊक नव्हतं. माझी आज्जी म्हणायची, "शाब घेत्यात म्हणं नाकातनं."

वाचतोय. लिहा पुढं.

अजिंक्यतारा_७७

कोर्टात उभा राहणारा माणूस आहे, त्यामुळे कायद्याचं माझ्याकडं लागलं.

तात्पुरतं कारागृह ही कोरोनातली नवी आयडिया नव्हे. कारागृह अधिनियम १८९४, कलम ७. जेलमध्ये मावत नाहीत इतके बंदी झाले किंवा आत साथ सुटली, तर तात्पुरता निवारा आणि कोठडी दुसरीकडे करायची, असं तिथं सरळ लिहिलंय. त्याच कायद्याचं कलम २४ : आत आलेल्या प्रत्येक फौजदारी बंद्याची शक्य तितक्या लवकर वैद्यकीय तपासणी आणि त्याची नोंद. म्हणजे सव्वाशे वर्षं जुनी तजवीज. ती बहुतेक वेळा 'वजन, उंची, अंगावर जखमा नाहीत, सही' एवढ्यावर उरकली जायची. साथ आली तेव्हा कलम आठवलं.

२३ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितली. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे असलेल्यांना अंतरिम जामीन किंवा पॅरोलवर सोडता येईल का ते ठरवा, म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात ठरलं की साधारण ३५ हजारांपैकी निम्मे, म्हणजे १७ हजारांच्या आसपास सोडायचे. का, तर आर्थर रोड. ८०४ माणसांच्या जागेत त्याच्या तिप्पट-चौपट माणसं, आणि मेच्या पहिल्याच आठवड्यात एका झटक्यात ७७ बंदी आणि २६ कर्मचारी पॉझिटिव्ह. गृहमंत्र्यांनी तेव्हा जी आकडेवारी सांगितली त्यात आर्थर रोड, भायखळ्याच्या जोडीला आपल्या साताऱ्याचंही नाव होतं, एका बंद्यासाठी.

८ मे २०२० ला फर्लो-पॅरोलच्या १९५९ च्या नियमांत बदल करून 'आपत्कालीन पॅरोल' आला. ४५ दिवस, पुढे तीस-तीस दिवसांची वाढ. मकोका, यूएपीए, पीएमएलए (संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, मनी लाँडरिंग) वाले वगळून.

माझा एक पक्षकार माण तालुक्यातला. वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटला. सुटताना चाचणी? छे. हातात कागद आणि तोंडाला रुमाल. गावाच्या वेशीवर पोरांनी दगड लावून रस्ता अडवलेला. सरपंचांचा मला फोन, "वकीलसाहेब, ह्याला कशाला पाठवला?" शेवटी चौदा दिवस झेडपीच्या शाळेत. म्हातारी आई खिडकीतनं भाकरी द्यायची. तो मला नंतर म्हणाला, "साहेब, आत पंख्याखाली तरी होतो." तेव्हा नळीवाल्यांच्या यादीत आणखी एक रकाना वाढवा : बाहेर जाणारा.

स्पष्टवक्ता_विटा

रागवू नका, पण सगळे मनात धरून आहेत ते बोलतो. सप्टेंबर २०२० ला माझ्या सख्ख्या काकांना घेऊन आम्ही रात्रभर गाडीत फिरलो. सांगली, मिरज, परत सांगली. ऑक्सिजनचा बेड नाही. आणि इथं चर्चा काय, तर खून-मारामारी करून आत गेलेल्यांना दोनदा स्वॅब का नाही घेतला. किट कमी होत्या ना? मग आधी कुणाला?

मिरजेचा_डॉक्टर

स्पष्टवक्ता, काकांचं वाचून वाईट वाटलं. त्या महिन्यात मी वॉर्डातच होतो. तुमच्यासारख्या किती गाड्या दारातनं परत गेल्या ते आम्ही पाहिलंय.

पण तुमच्याच प्रश्नाचं उत्तर बेडवरून देतो. जेलमध्ये शंभर जणांना लागण झाली आणि त्यातल्या दहांना ऑक्सिजन लागला, तर ते दहा कुठं येणार? सिव्हिललाच. आणि बंदी एकटा येत नाही, बरोबर गार्डची पार्टी. एका बेडमागे पाळीपाळीनं शिपाई, तेही त्याच वॉर्डात, तीच हवा घेणार, रात्री क्वार्टरला जाऊन पोरांना जवळ घेणार. तुमच्या काकांना मिळू शकणारा बेड वाचवायचा तर जेलमधली साथ दारातच पकडणं सगळ्यांत स्वस्त पडतं. लाड राहू द्या बाजूला, हिशोब तरी करा. शिवाय आत असलेल्यांतले चारात तीन कच्चे कैदी. २०२० च्या राष्ट्रीय आकडेवारीत हे प्रमाण ७६ टक्के आहे. खटला चालायचाय त्यांचा.

आता चाचणीबद्दल. रॅपिड अँटिजेन किटला आयसीएमआरनं १४ जून २०२० ला मान्यता दिली, तेव्हाच त्यांनी लिहून ठेवलं होतं की ही चाचणी लागण झालेल्यांपैकी ५०.६ ते ८४ टक्के लोकच पकडते. पॉझिटिव्ह आली तर नक्की पॉझिटिव्ह. निगेटिव्ह आली आणि माणसाला लक्षणं असली, तर आरटीपीसीआर करायचीच. म्हणजे दारातून दहा लागण झालेले आले तर वाईटात वाईट पाच जण "ओके" शिक्का घेऊन बराकीत. तरी वीस-तीस मिनिटांत निकाल मिळतो म्हणून दारात तीच सोयीची होती, आणि मी तिच्या विरोधात नाही. फक्त ती चाळणी आहे, कुलूप नाही. दोन-चार दिवसांनी परत चाळली की राहिलेले सापडतात.

रिपोर्टच्या तारखेचा मुद्दा लाखमोलाचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सॅन क्वेंटिन म्हणून जुना तुरुंग आहे. मे २०२० अखेरपर्यंत तिथं एकही बंदी बाधित नव्हता. दुसऱ्या एका तुरुंगात साथ पसरली म्हणून तिथले १२० च्या वर बंदी बसमध्ये घालून इकडं हलवले. हेतू चांगला. सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह. पण बहुतेकांचे स्वॅब दोन आठवड्यांहून जुने, काहींचे तर तीन-चार आठवड्यांचे. पुढं दोन हजारांच्या वर लोकांना लागण, २८ बंदी आणि एक कर्मचारी गेले. नळीवाल्यांच्या सहा दिवसांच्या कागदाची ही थोरली बहीण.

आणि "लक्षणं असतील त्यांचीच टेस्ट करा" म्हणणाऱ्यांसाठी : ओहायोतल्या मॅरियन तुरुंगात एप्रिल २०२० मध्ये सरसकट सगळ्यांची चाचणी केली. अडीच हजारांत अठराशेच्या वर पॉझिटिव्ह निघाले, आणि त्यातल्या बहुतेकांना काही होतच नव्हतं.

स्पष्टवक्ता_विटा

बेडचा हिशोब पटला. बाकीचं सगळं पटलं असं नाही. पण ठीक.

निवृत्त_वॉर्डर

मी तुरुंग खात्यात ३१ वर्षं काढली. नळीवाले खरं बोलले, वाईट वाटून घेत नाही. पण आमचीबी बाजू ऐका.

आम्हाला टेस्ट नको होती असं न्हाई. पॉझिटिव्ह आलो तर चौदा दिवस ड्युटी कोण करणार? आधीच जागा रिकाम्या. साहेब म्हणायचे, बरं वाटतंय ना, या मग. काही जेलांना एप्रिलमध्ये पूर्ण टाळं लावलं, तिथं स्टाफबी आतच मुक्कामाला. बायको दारात डबा घेऊन यायची, लांबूनच हात करायची. आमची आणि बंद्यांची तेव्हा गत एकच.

आणि ते सोशल डिस्टन्सिंग. संध्याकाळी बराकीला कुलूप पडलं, की सकाळपर्यंत उघडत न्हाई. एकाच्या सतरंजीला दुसऱ्याची सतरंजी खेटून. मधी एक वीत जागा न्हाई. कूस बदलायची म्हटलं तर शेजारच्याला सांगून बदलावी लागती. भिंतीवर पोस्टर मात्र लावलेलं, 'दो गज की दूरी'. ते पोस्टर मीच चिकटवलं, खळ करून.

चाफळची_लेक

मी इथं फार लिहीत नाही. हे वाचून राहवलं नाही.

माझा धाकटा भाऊ तेव्हा आत होता. कच्चा कैदी. मुलाकात मार्चपासूनच बंद. मी तरी एकदा एसटी सुरू झाल्यावर गेले, चिवडा आणि दोन बनियन घेऊन. बनियन घेतले, चिवडा परत दिला. परत येताना एसटीत मी तोच चिवडा खाल्ला आणि रडले. मग व्हिडिओ कॉल सुरू केले, पण माझ्याकडं तेव्हा साधा फोन. शेजारच्या वहिनींचा मागायचा, त्या ऐकत उभ्या राहायच्या.

भाऊ पॉझिटिव्ह आला हे आम्हाला कुणी कळवलं नाही. त्याच्याच बराकीतल्या एकाची बायको बाजारात भेटली, तिनं सांगितलं, तेही नऊ दिवसांनी. फोन केला तर म्हणाले, सगळे बंदी ठीक आहेत.

सुटल्यावर त्यानं जे सांगितलं ते लिहिते, कारण डॉक्टर आणि नळीवाले दादा दोघांनीही ते लिहिलेलं नाही. स्वॅब म्हटलं की आतली माणसं लपायची. नाकाला दुखतं म्हणून नाही. पॉझिटिव्ह निघाला की ज्या खोलीत टाकायचे ती एरवी शिक्षेची खोली. तीच. फक्त दारावर खडूनं 'विलगीकरण' लिहिलेलं. टीव्ही नाही, कँटीन नाही, घरच्यांचा फोन नाही, दिवसातून पाच मिनिटं ऊन. मग कोण सांगेल मला ताप आहे? पॅरासिटामॉलच्या गोळ्या बिडीच्या भावानं विकल्या जात होत्या म्हणे. रोज सकाळी ते कपाळाला बंदूक लावून ताप बघायचे ना, त्याच्या तासभर आधी गोळी घ्यायची. ताप नाही, नोंद नाही.

नळीवाला

ताई, हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्यासमोर माणसं "काही नाही, काही नाही" करत मान मागं घ्यायची. मला वाटायचं घाबरतात काडीला. आता कळलं.

मिरजेचा_डॉक्टर

ताईंनी जे लिहिलं त्यावर माझे सगळे आकडे ओवाळून टाकावेत. लक्षणं विचारून केलेली तपासणी माणसाच्या खरं बोलण्यावर उभी असते, आणि खरं बोलल्याची शिक्षा होणार असेल तर ती तपासणी संपली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या 'मंडेला नियमां'त संसर्गाचा संशय असलेल्यांना वेगळं ठेवा म्हटलंय, पण वैद्यकीय कारणासाठी, उपचारासकट, आणि संसर्ग असेपर्यंतच. बाहेरच्या माणसाला जे उपचार, तेच आतल्याला, हेही तिथंच आहे. शिक्षेच्या खोलीवर खडूनं नाव बदललं तर ते विलगीकरण होत नाही. मी तरी वेगळ्या बराकीत टीव्ही आधी लावला असता, थर्मामीटर नंतर.

कृष्णाकाठ

अवांतर आहे, पण आपल्या गावाचं आहे म्हणून लिहितो. सांगलीचं जेल गणेशदुर्गात आहे, म्हणजे किल्ल्यात. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ ला साथीदारांसह तिथनं निसटले ते हेच. ज्या भिंती माणूस बाहेर जाऊ नये म्हणून बांधल्या, त्यात खेळती हवा कुठनं येणार?

दुसरं अवांतर. १८९७ च्या जानेवारीत, प्लेगच्या साथीत, भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिननी तिथल्या कैद्यांना ती नवी लस टोचली होती. निम्म्यांच्या आसपास तयार झाले, बाकीचे राहिले. टोचलेल्यांत मृत्यू नाही, न टोचलेल्यांत झाले. त्यावरून लसीचं नाव झालं. पण कोठडीतल्या माणसाच्या "हो"ला हो म्हणायचं का, हा प्रश्न मला तेव्हापासून, म्हणजे मी वाचलं तेव्हापासून, सतावतोय.

अजिंक्यतारा_७७

चांगला प्रश्न. एचआयव्हीपुरतं उत्तर कायद्यात आहे. २०१७ चा कायदा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. चाचणीआधी समजावून सांगून संमती घ्यायची आणि निकाल गुप्त ठेवायचा. जेलच्या भिंतीपाशी तो कायदा थांबत नाही. कोरोनात मात्र संमतीचं कुणी नाव काढलं नाही, आत काय आणि बाहेर काय. आम्ही तरी मार्केट यार्डात कुठं संमती दिली होती, रांगेत धरून घेतले स्वॅब.

लसीच्या वेळी वेगळीच गंमत. आधार कार्ड दाखवा म्हणे. अटक करताना कोण आधार घेऊन जातं? मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये कारागृहांतल्या वाढत्या रुग्णांची स्वतःहून दखल घेतली तेव्हा हाही प्रश्न निघाला. त्याच सुमारास केंद्रानं ओळखपत्र नसलेल्यांसाठी कार्यपद्धती काढली, त्यात कारागृहातले बंदी नावानिशी आले. मग लस सुरळीत झाली. ७ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं आदल्या वर्षी सोडलेल्यांना परत सोडायला सांगितलं, त्यात माझा माणवाला होता. या वेळी तो म्हणाला, "साहेब, आधी सरपंचांना फोन करा."

निवृत्त_वॉर्डर

वकीलसाहेब, तुमच्या माणवाल्याला रामराम सांगा.

एक राहिलं. सप्टेंबरनंतर आमच्याकडं नवा डॉक्टर आला होता, तरणा पोरगा. त्यानं पहिल्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर आधी स्वतःचा स्वॅब दिला, मग अधीक्षकांना खुर्चीवर बसवलं, मग शिपाई, आणि शेवटी बंदी. बंदी गजाआडून बघत होते. साहेबांच्या डोळ्यातनं पाणी आलं काडीनं, तसं सगळी बराक हसली. त्यानंतर स्वॅबला कोण लपल्याचं मला आठवत न्हाई.

स्पष्टवक्ता_विटा

हा प्रतिसाद भारी.

नळीवाला

वॉर्डरसाहेब, त्या डॉक्टरांचं नाव नका लिहू, पण माझा नमस्कार कळवा.

मी आता टीबीच्या कामावर आहे. जेलमध्ये अजून जातो. कोरोना गेला, टीबी तिथंच आहे, आणि त्याला तर बंद खोली फारच मानवते. चारच प्रश्न विचारायचे असतात : खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. एकाचंही उत्तर हो आलं की बेडका तपासणीला. या वेळी यादी करताना मी शिपायांचीही नावं मागितली. कपाळाला आठ्या पडल्या, पण दिली.

चाफळची_लेक

दादा, विचारायचं होतं. भावाला नंतर शिक्षा लागली, आता तो कोल्हापूरला कळंबा जेलात आहे. मागच्या फोनला बोलताना मध्येमध्ये खोकत होता. म्हणाला धुळीचा आहे. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाला, गणपतीपासून. ही टीबीची तपासणी त्याला आपणहून मागता येते का? मागितली तर परत त्या खोलीत तर नाही ना टाकणार?

नळीवाला

मागता येते ताई. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की बेडका तपासलाच पाहिजे. तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट. जेलच्या डॉक्टरांना दोन ओळींचा अर्ज द्यायला सांगा, तारीख घालून, आणि त्याची प्रत वकिलांकडे. खोलीचं मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण निदान होऊन गोळ्या लवकर सुरू झाल्या की इतरांना लागण्याचा धोका झपाट्यानं कमी होतो, हे त्याला सांगा. वजन किती होतं आणि आता किती आहे, तेवढं विचारा.

चाफळची_लेक

शनिवारी फोन येतो. विचारते.